सदतीस फर्मे

दिवस पहिला : पाल्मायरा

माझा भाचा सहा वर्षं न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला नोकरी करत होता. सप्टेंबरात त्याला सॉल्ट लेक सिटीत नवं काम मिळालं. सामान ट्रकने आधी रवाना झालं, राहिली होती ती गाडी आणि त्याच्याकडे आलेली मी. "मावशी, तुला विमानाने पुढे पाठवू का? एवढे दिवस गाडीत बसवणार नाही तुला," तो म्हणाला. मी नकाशा उघडून त्याच्यापुढे ठेवला. रॉचेस्टरहून अर्ध्या-पाऊण तासावर पाल्मायरा नावाचं गाव आहे. तिथे 1830 साली मॉर्मन या ख्रिस्ती वळणाच्या अमेरिकी पंथाचा ग्रंथ, 'बुक ऑफ मॉर्मन', छापला गेला. तिथून हा पंथ एकेका गावातून उठत, उठवला जात जिथे कायमचा टेकला, ते गाव म्हणजे सॉल्ट लेक. दोन्ही टोकं आमचीच होती. मधली गावं तेवढी धरायची.

मला त्यातलं नेमकं काय ओढत होतं तेही सांगते. माझे वडील जुळारी होते. अप्पा बळवंत चौकाजवळच्या छापखान्यात त्यांनी सारी हयात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवले, आणि मी पुढे मुद्रितं तपासत तीस वर्षं काढली. त्यामुळे कुठल्याही ग्रंथाचं नाव निघालं की माझ्या मनात पहिले प्रश्न येतात ते असे : कुठे छापला, प्रती किती, कागदाचे पैसे कोणी दिले? बहुतेक धर्मग्रंथांच्या बाबतीत हे प्रश्न विचारताच येत नाहीत. या एकाच्या बाबतीत येतात, आणि उत्तरंही मिळतात.

पाल्मायरा लहानसं आहे. एका चौकाच्या चार कोपऱ्यांवर चार चर्च, प्रत्येक वेगळ्या पंथाचं. इमारती नंतरच्या असल्या तरी चौकातली ती ओढाताण जुनी आहे. 1820 च्या सुमाराला या भागात धर्मजागृतीच्या सभांचा असा वणवा पेटला होता की पुढे या पट्ट्याला "जळून गेलेला मुलूख" म्हणू लागले. या पंथाच्या संस्थापकाचं, जोसेफ स्मिथचं, कुटुंब तिथे आलं तेही संकटातून. इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी 1815 मध्ये फुटला, त्याच्या राखेने 1816 चा उन्हाळा गिळला, व्हरमाँटमधलं पीक गेलं, आणि हे लोक मुलंबाळं घेऊन पश्चिमेकडे सरकले. त्यातला जोसेफ 1805 चा. चौदा वर्षांचा असताना, कुठला पंथ खरा या प्रश्नाने बेचैन होऊन तो घराजवळच्या झाडीत प्रार्थनेला गेला आणि आपल्याला देवदर्शन झालं, असं त्याने पुढे सांगितलं. तीन वर्षांनी मोरोनाय नावाच्या देवदूताने जवळच्या टेकडीत पुरलेल्या सोन्याच्या पत्र्यांचा ठाव सांगितला. ते पत्रे हाती आले ती तारीख 22 सप्टेंबर 1827. त्यांवरून जोसेफने तोंडी सांगितलेला मजकूर म्हणजेच हा ग्रंथ.

ती झाडी अजून राखली आहे. मेपलची पानं पिवळी पडायला लागली होती. आम्ही अर्धा तास काही न बोलता चाललो. माझी श्रद्धा त्या गोष्टीवर नाही, पण चौदा वर्षांच्या पोराला पडलेला प्रश्न खरा होता, याबद्दल मला तिळमात्र शंका वाटली नाही.

त्या 1827 च्या रात्री टेकडीच्या पायथ्याशी मागून आणलेल्या घोडागाडीत त्याची बायको एमा थांबली होती. लग्नाला आठ महिने झाले होते. एमाने ते पत्रे उघडे कधीच पाहिले नाहीत. म्हातारपणी तिने मुलाला सांगितलं की ते टेबलावर कापडात गुंडाळलेले असत, तिने वरून हात फिरवून पाहिला होता, आणि कडेवरून अंगठा फिरवला की जाड कागदासारखे ते वाकत, धातूचा बारीक आवाज होई. पुस्तकाची पानं कडेने फरफरवून बघायची सवय मला जन्माची आहे. ते वाक्य ऐकल्यापासून माझा अंगठा त्या कापडावरच आहे.

दुपारी ग्रँडिनचा छापखाना, जिथे तो ग्रंथ छापला गेला. मूळ इमारत जपून पुन्हा उभी केली आहे : खाली दुकान, वर छपाई आणि बांधणी. खिळ्यांच्या केसेस बघून माझा घसा दाटून आला. घरं वेगळी, अक्षरं वेगळी, पण उभं राहायची जागा तीच, खांद्याची उंची तीच.

दाखवायला असलेले आजोबा, स्वखर्चाने सेवेला आलेले, मी जुळाऱ्याची मुलगी म्हटल्यावर खुलले. पुस्तक सुमारे 590 पृष्ठांचं. सोळा-सोळा पृष्ठांचे 37 फर्मे, म्हणजे एकत्र छापायचे गठ्ठे. प्रती 5000. खर्च 3000 डॉलर, आणि त्यासाठी मार्टिन हॅरिस नावाच्या शेतकऱ्याने शेत गहाण टाकलं. मी मनात हिशेब केला. एका दाबात एका बाजूची सोळा पृष्ठं धरली, तर 37 गुणिले 5000 म्हणजे 1,85,000 वेळा कोणीतरी तो दांडा ओढला. सात महिने लागले ते उगीच नाही.

मजकुराची प्रत आली तेव्हा तिच्यात विरामचिन्हं नव्हती. वाक्य कुठे थांबतं, कुठे सुरू होतं, काही पत्ता नाही, अगदी आपल्या मोडी कागदांसारखं. जॉन गिल्बर्ट या जुळाऱ्याने स्वतः स्वल्पविराम, पूर्णविराम घातले. अब्जावधी शब्दांचं भाष्य पुढे ज्या ग्रंथावर झालं, त्यातले श्वास एका जुळाऱ्याने ठरवले आहेत! वडिलांना हे सांगायला मिळालं असतं तर!

जोसेफचा थोरला भाऊ हायरम हा मजकूर 24-24 पानं करून आणायचा. बंडीच्या आत, गुंड्या घट्ट लावून. संध्याकाळी परत न्यायचा. इतकी धास्ती कशाची? तर 1828 च्या जूनमध्ये याच हॅरिसने पहिली 116 पानं घरच्यांना दाखवायला म्हणून मागून नेली होती आणि ती गेली ती गेलीच. नवरा कशाच्या नादी लागलाय, हे त्याच्या बायकोला, ल्यूसीला, डोळ्यांनी बघायचं होतं. तिनेच ती गायब केली असं पुष्कळांना वाटतं. पुरावा नाही. त्याच दिवसांत एमाचं पहिलं मूल जन्मल्या दिवशीच गेलं आणि ती स्वतः मरता मरता वाचली. जोसेफने हरवलेला भाग पुन्हा सांगितला नाही. पुढे मात्र त्याचा लेखनिक ऑलिव्हर काउडरी याने छापखान्यासाठी संपूर्ण दुसरी नक्कल काढली आणि मूळ प्रत शक्यतो घरीच ठेवली. ती छापखान्याची नक्कल 2017 साली साडेतीन कोटी डॉलरला विकली गेली. हॅरिसचं शेत 1831 मध्ये विकलं गेलं, संसारही मोडला. ल्यूसीची बाजू कोणी फारशी मांडत नाही. घर गहाण पडताना बघणाऱ्या बाईने पुरावा मागितला, यात मला तरी गैर दिसत नाही.

ग्रंथ मार्च 1830 मध्ये विक्रीला आला. दुसऱ्याच वर्षी आपल्या मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. रात्री झोपेपर्यंत हे दोन छापखाने माझ्या डोक्यात शेजारी शेजारी चालू होते.

दिवस दुसरा : फेएट, कर्टलंड

सकाळी फेएट. 6 एप्रिल 1830 ला व्हिटमर यांच्या लाकडी घरात चर्चची रीतसर स्थापना झाली. ओंडक्यांचं घर पुन्हा बांधलेलं आहे. एवढ्याशा खोलीत धर्म सुरू होतो, हे बघून भाचा थोडा वेळ गप्प झाला.

तिथून एरी सरोवराच्या कडेकडेने ओहायोतल्या कर्टलंडला. 1831 ते 1838 इथे त्यांचं मुख्य ठाणं होतं. पहिलं मंदिर 1836 चं, तीन मजली, बाहेरून पांढुरकं, आतून खिडक्यांनी उजळलेलं. कितीतरी वर्षं ते पंथाच्या दुसऱ्या शाखेकडे होतं, 2024 मध्ये सॉल्ट लेकच्या चर्चने ते विकत घेतलं.

कर्टलंडमध्ये मला थांबवलं ते एका नोटेने. जोसेफने बँक काढायचं ठरवलं, नोटांचे ठसे तयार झाले, आणि राज्याने परवाना दिला नाही. मग नोटांवरच्या "बँक" या शब्दाआधी बारीक अक्षरात "अँटि" आणि नंतर "इंग" असा ठसा मारून त्या चलनात आणल्या! 1837 च्या मंदीत बँक बुडाली, जवळचे लोक दुरावले, आणि 1838 च्या जानेवारीत जोसेफला रातोरात गाव सोडावं लागलं. छापलेल्या अक्षराला चार अक्षरं चिकटवून ते खरं होत नाही. श्रद्धेने पैसे ठेवलेल्या माणसांचं जे नुकसान झालं, ते काचेमागच्या त्या कागदाकडे बघताना विसरता येईना.

दिवस तिसरा : नुसता रस्ता

ओहायो, इंडियाना, इलिनॉय. मका आणि सोयाबीन. गाडीत भाच्याला मी मिझुरीची गोष्ट सांगितली, कारण ते राज्य आमच्या वाटेवर नव्हतं.

इंडिपेंडन्स गावात मॉर्मनांनी छापखाना घातला होता. उत्तरेकडून आलेली ही माणसं एकगठ्ठा मत देतील, जमिनी घेतील, गुलामांच्या बाबतीत ढवळाढवळ करतील, ही तिथल्या लोकांची भीती. 20 जुलै 1833 ला जमावाने छापखाना फोडला, यंत्र वरच्या मजल्यावरून खाली टाकलं, जोसेफच्या साक्षात्कारांचे छापलेले फर्मे रस्त्यावर फेकले. मेरी एलिझाबेथ आणि कॅरोलाइन रोलिन्स, पंधरा आणि तेरा वर्षांच्या दोघी बहिणी, धावत गेल्या, कवेत मावतील तेवढे कागद उचलले आणि मक्याच्या शेतात शिरल्या. माणसं शोधत राहिली, दोघी कागदांवर पालथ्या पडून राहिल्या. बांधून झालेल्या त्या पुस्तकाच्या मोजक्या प्रती आज आहेत, त्या अशा वाचलेल्या कागदांच्या.

"एवढाच मका होता का गं तेव्हा?" भाच्याने बाहेर बघत विचारलं. पाच-सहा फूट उंच आणि दाट, असं त्या मेरीनेच पुढे लिहून ठेवलंय. हीच मेरी नंतर जोसेफच्या बायकांपैकी एक झाली, स्वतःचा नवरा असताना. या इतिहासात एक गोष्ट हातात घेतली की तिच्याबरोबर दुसरी येतेच.

मिझुरीत पाच वर्षांनी गव्हर्नर बॉग्ज याने 27 ऑक्टोबर 1838 ला हुकूम काढला : मॉर्मनांना एकतर राज्याबाहेर घालवा नाहीतर नामशेष करा. तीनच दिवसांनी हॉन्स मिल इथे 17 जण मारले गेले. तो हुकूम मागे घ्यायला 1976 साल उजाडलं.

दिवस चौथा : नॉवू

इथे एक रात्र ठरली होती, आम्ही दोन राहिलो.

मिसिसिपी इथे मोठं वळण घेते आणि गाव त्या वळणाच्या कुशीत आहे. 1839 मध्ये निर्वासित आले तेव्हा ही दलदल होती. हिवतापाने माणसं पटापट गेली. त्यातून चर खणून, पाणी काढून पाच वर्षांत बारा हजारांच्या घरातलं शहर उभं राहिलं. इंग्लंडहून नव्याने पंथात आलेले लोक बोटी भरभरून येत होते. टेकडीवर चुनखडीचं मंदिर, तेही त्यांना सोडून जावं लागलं. 1848 मध्ये ते जाळलं गेलं, 1850 मध्ये वादळाने भिंती पाडल्या. आज दिसतं ते 2002 साली जुन्या रूपात पुन्हा बांधलेलं.

मी नदीकाठच्या घरांकडेच जास्त रेंगाळले. एमाचं घर, तिचा वाडा, समोर विटांचं दुकान. त्या दुकानाच्या वरच्या खोलीत 17 मार्च 1842 ला वीस बायका जमल्या आणि रिलीफ सोसायटी सुरू झाली. एमा पहिली अध्यक्ष. गरिबांना धान्य, आजाऱ्यांची शुश्रूषा, सभेचं इतिवृत्त नीट लिहिलेलं. त्याच सुमाराला तिचा नवरा तिच्यापासून लपवून दुसऱ्या बायकांशी लग्नं लावत होता. त्यातल्या काही तिच्याच सभेत बसत. 12 जुलै 1843 ला बहुपत्नीत्वाचा साक्षात्कार कागदावर उतरला. जोसेफला तीस ते चाळीस बायका असाव्यात हे खुद्द चर्चनेच 2014 मध्ये मान्य केलं. एमाने हे मनापासून कधी पत्करलं नाही, आणि म्हातारपणी तर असं काही घडलंच नाही असं ती सांगत राहिली. अकरा मुलं तिने मांडीवर घेतली, दोन त्यातली दत्तक. जगली पाच.

नदीच्या अगदी कडेला नॉवू हाउस आहे. 1841 मध्ये त्याच्या कोनशिलेत जोसेफने ग्रंथाची मूळ हस्तलिखित प्रत ठेवली. छापखान्यासाठी जिची नक्कल काढली होती, तीच! चाळीस वर्षांनी, 1882 मध्ये, एमाच्या दुसऱ्या नवऱ्याने, ल्यूइस बिडामनने, कोनशिला उघडली. आत पाणी शिरलेलं. पानं कुजून एकमेकांना चिकटलेली. उरलं ते त्याने आल्यागेल्याला वाटलं. आज जेमतेम 28 टक्के शिल्लक आहे. मी त्या दगडी कोपऱ्यापाशी किती वेळ उभी होते कोण जाणे. ओला कागद मी पाहिला आहे. पानशेतच्या पुरानंतर वडिलांनी छापखान्यातून आणलेले फर्मे आमच्या ओसरीवर वाळत घातले होते, त्यांच्या कडा सुटत नव्हत्या.

दिवस पाचवा : कार्थेज

नॉवूपासून पाऊण तास. दगडी, दुमजली, एखाद्या शेतकऱ्याच्या घरासारखा तुरुंग.

जोसेफला इथवर आणलं तेही एका छापखान्याने. पंथातूनच फुटलेल्या विल्यम लॉ आणि मंडळींनी 7 जून 1844 ला 'नॉवू एक्स्पॉझिटर' काढला. एकच अंक. बहुपत्नीत्व, आणि एका माणसाच्या हाती एकवटलेली सत्ता, दोन्हींवर त्यात उघड लिहिलं होतं. जोसेफ तेव्हा महापौर होता, फौजेचा सेनापती होता, अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा उमेदवार होता. नगरपरिषदेने पत्र उपद्रवी ठरवलं, आणि 10 जूनला यंत्र रस्त्यात आणून फोडलं, खिळे उधळले. इंडिपेंडन्सला जे आपल्यावर गुदरलं तेच अकरा वर्षांनी स्वतः केलं. उधळलेले खिळे पुन्हा घराघरांत लावायला किती दिवस लागतात हे मला माहीत आहे. जोसेफ स्मिथची ही चूक मला त्याच्या इतर सगळ्या चुकांपेक्षा मोठी वाटते, आणि तिची शिक्षा त्याला मिळायला हवी होती त्याच्या हजारपट मिळाली, असंही वाटतं.

गव्हर्नरने संरक्षणाचा शब्द दिला होता. 27 जूनच्या संध्याकाळी पाचच्या सुमाराला तोंडाला काळं फासलेला जमाव जिना चढला. वरच्या खोलीचं दार अजून तेच, त्यात गोळीचं भोक. हायरम दारापाशीच पडला. अडतीस वर्षांचा जोसेफ खिडकीतून खाली. जॉन टेलर जबर जखमी झाला, विलर्ड रिचर्ड्स जवळजवळ सहीसलामत सुटला. पुढल्या वर्षी पाच जणांवर खटला चालला, पाचही सुटले. आमच्याबरोबर एक कुटुंब होतं. त्यातल्या लहान मुलीने त्या भोकात बोट घालून पाहिलं, आईने हळूच हात मागे घेतला.

एमा तेव्हा पोटुशी होती. पंथ ब्रिगम यंग या नव्या नेत्याच्या मागे गेला, ती गेली नाही. नॉवूतच राहिली, खाणावळ चालवली, 1879 ला तिथेच गेली. तिचा मुलगा पंथाच्या त्या दुसऱ्या शाखेचा प्रमुख झाला. जोसेफ, हायरम आणि एमा तिघं नदीकाठी शेजारी शेजारी आहेत.

दिवस सहावा, सातवा

4 फेब्रुवारी 1846 ला पहिल्या गाड्या नदीपार झाल्या. आयोवा पार करायला त्यांना चिखलातून चार महिने लागले, आम्हाला पाच तास. ओमाहाला विंटर क्वार्टर्सची, म्हणजे त्यांच्या हिवाळी तळाची, दफनभूमी आहे : खुल्या कबरीकडे बघणारे आईबाप, अंगावरचा झगा वाऱ्याने ओढलेला, असा पुतळा. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्यापाशी काही नाही, फक्त आम्ही तिथून उठायला वेळ लावला.

नेब्रास्का सगळा प्लॅट नदीच्या काठाने. 1847 च्या पहिल्या तुकडीत विल्यम क्लेटनला रोजचं अंतर लिहायचं होतं. चाकाला कापड बांधून तो दिवसभर चालत फेरे मोजायचा : 360 फेरे म्हणजे एक मैल. शेवटी कंटाळून लाकडी दात्यांचं मोजयंत्र बनवून घेतलं. पुढे त्याने छापलेली वाटेची पुस्तिका पंथाबाहेरच्याही हजारोंनी वापरली.

दिवस आठवा : मार्टिन्स कोव्ह, वायोमिंग

1856 मध्ये बैलगाडीचे पैसे नसलेल्या युरोपातल्या गरिबांना हातगाड्या दिल्या. माणशी 17 पौंड सामान. विली आणि मार्टिन यांच्या दोन तुकड्या उशिरा निघाल्या, गाड्या ओल्या लाकडाच्या. आता निघू नका, म्हातारी आणि लेकरं मरतील, असं लेव्हाय सॅव्हेज याने रडून सांगितलं. ऐकलं नाही कोणी. तर मग मीही तुमच्याबरोबरच, म्हणून तो निघाला. ऑक्टोबरात बर्फाने गाठलं. दोन्ही मिळून दोनशेच्या वर माणसं गेली. सॉल्ट लेकहून मदतीला धावलेल्यांचं कौतुक तिथे खूप आहे, ते रास्तच आहे. पण त्यांना उशिरा निघू देणाऱ्यांना जबाबदार धरायला हवं होतं.

तिथली हातगाडी ओढून बघता येते. रिकामी. मी शंभर पावलं ओढली.

दिवस नववा, दहावा : सॉल्ट लेक सिटी

एमिग्रेशन कॅनियनमधून उतरताना खोरं एकदम समोर येतं. 24 जुलै 1847 ला ब्रिगम यंगने आजारपणात गाडीत पडल्या पडल्या ते पाहिलं. त्या तुकडीत तीन काळी माणसंही होती, गुलाम : ग्रीन फ्लेक, हार्क ले, ऑस्कर क्रॉस्बी. वाट करायला ती पुढे होती, आणि 1852 पासून 1978 पर्यंत काळ्या पुरुषांना या चर्चमध्ये पौरोहित्य नाकारलं गेलं. 11 सप्टेंबर 1857 ला माउंटन मेडोजमध्ये मॉर्मन शिपायांनी कॅलिफोर्नियाला निघालेल्या काफिल्यातली सुमारे 120 माणसं मारली, हेही याच इतिहासातलं. पिटाळून लावलेल्यांनी हे केलं, म्हणून मला ते जास्त लागलं.

मंदिर 1853 ते 1893, चाळीस वर्षं बांधलं. भूकंपासाठी पायाचं काम चालू असल्याने ते परांच्यांनी वेढलेलं होतं, फार काही दिसलं नाही. माझं लक्ष रस्त्यापलीकडच्या संग्रहालयात होतं.

15 जून 1850 ला इथलं पहिलं वर्तमानपत्र 'डेझरेट न्यूज' निघालं. संपादक कोण, तर कार्थेजच्या खोलीतून वाचलेला विलर्ड रिचर्ड्स. मग यांनी एक नवी लिपीच केली, 38 अक्षरांची, इंग्लिश न येणाऱ्या डेन, वेल्श, स्विस माणसांना उच्चाराबरहुकूम वाचता यावं म्हणून. तिचे खिळे ओतून घेतले, 1868 मध्ये बालवाचनमाला छापली. ब्रिगम यंगबरोबर ती लिपीही गेली. आपल्या मोडीसारखी वापरातून झिजून नाही, न उघडलेल्या पानांवर नवीकोरीच राहून गेली.

एक गोष्ट मात्र घरची निघाली. 1852 साली ह्यू फिंडले नावाचा यांचा स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरला. वर्तमानपत्रांनी आणि पाद्र्यांनी झोड उठवली, तेव्हा 1853 मध्ये त्याने मुंबईतच उत्तराची पुस्तिका छापून घेतली. पुढे तो पुण्यात आला. लष्कराच्या अधिकाऱ्यांचा विरोध असूनही तिथे मूठभर माणसांची शाखा त्याने उभी केली. काही वर्षांत ती विझली. भाच्याने विचारलं, "मावशी, म्हणजे आपल्या कॅम्पात?" हो, आपल्याच.

पाल्मायरात मांडलेलं यंत्र त्याच जातीचं, पण दुसरं आहे. ज्याच्यावर ते 37 फर्मे निघाले ते इथे आणून ठेवलंय. काळं लोखंड, माझ्या खांद्याहून उंच. हात लावायची परवानगी नाही. तिथली बाई जरा बाजूला गेली तेव्हा भाचा म्हणाला, "लाव." मी लावला नाही. वाकून मात्र बघितलं : खालचा सपाट पाट, जिच्यावर फर्मा आवळून बसवतात ती जागा, आणि त्याच्या कडेला रुळांवर उतरलेली चकाकी. शाईचा वास येत नव्हता. एवढ्या वर्षांनी येणारही नाही, तरी मी दोनदा श्वास घेतला.